घरी छान वाजतं, परीक्षेत हात थरथरतात: सहा आठवड्यांत काय करता येईल

प्रश्न असा आलाय की मुलगी बारा वर्षांची आहे, एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाची ग्रेड 5 ची पियानो प्रॅक्टिकल साधारण सहा आठवड्यांवर आलीये, घरी तिन्ही पीसेस (परीक्षेत वाजवायच्या रचना) व्यवस्थित वाजतात, पण टीचरने मॉक (सराव परीक्षा) घेतली किंवा घरात पाहुणे बसलेले असले की हात गार पडतात, बोटं थरथरतात, एक सूर चुकला की ती थांबते आणि परत पहिल्यापासून सुरू करते. आईने विचारलंय की ही भीती घालवायची कशी, आणि शाळा सांभाळून रोज दोन तास बसवलं तर होईल का. मी पियानो शिकवते आणि मुलांना परीक्षांना बसवते, त्यामुळे दर सीझनला हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. सविस्तर लिहिते. मोठ्या वयात शिकायला लागलेल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. दोन तास नको. या वयात सलग दोन तास लक्ष टिकत नाही, लक्ष उडालं की हात नुसते सवयीने वाजवत राहतात, आणि सवयीने वाजवणारे हातच परीक्षेत दगा देतात. दिवसाला पन्नास मिनिटं ते एक तास, तेही दोन तुकड्यांत, सकाळी शाळेआधी पंधरा-वीस मिनिटं आणि बाकीचं संध्याकाळी, एवढं भरपूर झालं. तुकडे अशासाठी की काल संध्याकाळी बसवलेलं एक झोप झाल्यावर सकाळी पुन्हा आठवून काढावं लागतं, आणि असं आठवून काढण्यानेच ते पक्कं होतं. सलग बसलं की आठवावं लागतच नाही, सगळं हातात ताजंच असतं, मग आपल्याला वाटतं झालं तयार.

आता भीतीचं. ती पूर्ण जात नाही, कोणाचीच नाही. व्लादिमीर होरोविट्झसारखा जगप्रसिद्ध पियानोवादक, ज्याला स्टेजची जबरदस्त धास्ती वाटायची, तो 1953 साली जाहीर मैफिली सोडून घरी बसला आणि थेट 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलला परत आला, आणि परत आल्यावरही त्याची धास्ती गेलेली नव्हती, तो ती घेऊनच वाजवायचा. तेव्हा तुमच्या मुलीत काही कमी आहे असं अजिबात समजू नका आणि तिलाही तसं वाटू देऊ नका. आपल्याला भीती शून्यावर आणायची नाहीये, भीती असतानाही पीस शेवटपर्यंत जाईल अशी तयारी करायचीये, आणि या दोन गोष्टींची प्रॅक्टिस वेगळी असते.

माझं मत स्पष्ट आहे. परीक्षेत जे करावं लागतं ते तिने आजवर केलेलंच नसतं, म्हणून ती घाबरते. परीक्षेत काय असतं बघा: अनोळखी पियानो, गार हात, एकच संधी, पहिल्याच झटक्यात सुरुवात आणि चुकलं तरी पुढे जाणं. घरी काय होतं? ती बसते, पीस सुरू करते, आठव्या बारला (बार म्हणजे लिहिलेल्या संगीतातला ठरावीक मात्रांचा एक खंड) अडखळते, थांबते, परत पहिल्यापासून, या वेळी बाराव्या बारला अडखळते, परत पहिल्यापासून, असं करत पाचव्या-सहाव्या वेळी पूर्ण पीस छान निघतो, आणि नेमका तोच तुम्हाला स्वयंपाकघरात ऐकू येतो. तुम्ही म्हणता वा, छान वाजतंय. तिलाही वाटतं येतंय. पण परीक्षकाला तो सहावा पीस मिळत नाही, त्याला पहिला मिळतो. शिवाय या सगळ्यात तिने थांबून परत सुरू करण्याची दिवसातून कितीतरी वेळा प्रॅक्टिस केलेली असते, ती सवय इतकी घट्ट होते की परीक्षेत चूक झाली की हात आपोआप थांबतात. मॉकमध्ये ती थांबते म्हणजे नर्व्हस आहे म्हणूनच असं नाही, तिने जे घोटून घोटून बसवलंय तेच ती करतेय.

म्हणून आजपासून प्रॅक्टिसचे दोन वेगळे प्रकार करा आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. एक म्हणजे काम करायची वेळ, ज्यात थांबायचं, तोडायचं, हळू करायचं, हवं तितक्यांदा करायचं. दुसरी म्हणजे वाजवायची वेळ, ज्यात काहीही झालं तरी थांबायचं नाही, मागे जायचं नाही, चेहराही वाकडा करायचा नाही. सुरू करण्याआधी तिने स्वतःशीच ठरवायचं की आता यातलं कोणतं चाललंय.

वाजवायची वेळ रोज एकदाच, आणि तीही संध्याकाळच्या तुकड्यातली पहिली गोष्ट म्हणून. शाळेतून आली, दप्तर ठेवलं, हात धुतले, काही खाल्लं, की स्केल (सुरांचा चढता-उतरता क्रम) न वाजवता, बोटं न मोकळी करता थेट बसायचं आणि एक पीस एकदाच पूर्ण वाजवायचा. तुमचा फोन स्टँडवर ठेवून रेकॉर्डिंग चालू. कोणता पीस ते चिठ्ठी काढून ठरवा म्हणजे आधी मनात घोळवता येणार नाही. पहिल्या आठवड्यात हे रेकॉर्डिंग ऐकून तुम्हा दोघींनाही वाईट वाटेल, हे आधीच सांगून ठेवते, कारण घरी ऐकू येणाऱ्या पीसपेक्षा हा बराच कच्चा असतो. पण तयारी खरी किती झालीये ते हाच पीस सांगतो. तीन-चार आठवड्यांनी हा पहिला पीस सुधारायला लागतो, आणि तो सुधारला की भीती आपोआप एक पायरी खाली येते, कारण तिच्याकडे आता पुरावा असतो की थंड हातांनी, पहिल्या झटक्यात मला हे जमतं. नुसतं तू करशील गं असं म्हणून तो विश्वास येत नाही.

मार्कांचं गणित तिला नीट समजावून सांगा, कारण बऱ्याच मुलांच्या डोक्यात असतं की एक चूक झाली की गेलं सगळं. एबीआरएसएमची प्रॅक्टिकल 150 मार्कांची असते. तीन पीसेसना प्रत्येकी 30, स्केल्स आणि आर्पेजिओला (कॉर्डचे सूर एकामागून एक) 21, साइट रीडिंगला (आधी न पाहिलेला तुकडा वाचून वाजवणं) 21, ऑरलला (ऐकून उत्तर देणं) 18. पासिंग 100, मेरिट 120, डिस्टिंक्शन 130. प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागत नाही, एकूण बेरीज बघतात. समजा एक पीस बिघडला आणि 18 च मिळाले, दुसऱ्या दोघांना 24 आणि 25, स्केल्सना 16, साइट रीडिंगला 15, ऑरलला 14, तरी बेरीज 112 होते, म्हणजे आरामात पास. हे तिला कागदावर स्वतः मांडू द्या. आणि दुसरी गोष्ट, पीसचे मार्क नुसत्या बरोबर सुरांवर नसतात, सूर, लय-वेळ, टोन, फ्रेझिंगचा (संगीतातल्या वाक्यांचा) आकार आणि एकूण सादरीकरण अशा पाच अंगांनी परीक्षक बघतो. पासिंगच्या निकषांत तर चूक झाल्यावर पटकन सावरणं असं चक्क लिहिलेलं आहे, म्हणजे चुका होणार हे त्यांनी धरलेलंच आहे. जी मुलगी एक सूर चुकवून लय न सोडता पुढे जाते तिचं नुकसान अगदी थोडं होतं, थांबून परत सुरू करणारीचं जास्त होतं कारण तिथे लयही जाते आणि सादरीकरणही. ज्यांची मुलं ट्रिनिटी या दुसऱ्या परीक्षा मंडळाला बसतात त्यांच्यासाठी, तिथे एकूण 100 मार्क, 60 ला पास, 75 ला मेरिट, 87 ला डिस्टिंक्शन, पण सावरण्याची गोष्ट तिथेही तीच.

आता काम करायच्या वेळेबद्दल, कारण खरी मेहनत इथेच असते. 2009 मध्ये टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियानोच्या 17 वरच्या पातळीच्या विद्यार्थ्यांना रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोमधला तीन बारचा अवघड तुकडा बसवायला दिला आणि दुसऱ्या दिवशी तो वाजवून घेतला. जे वरचे ठरले ते जास्त वेळ बसलेले किंवा जास्त वेळा वाजवलेले नव्हते. फरक हा होता की चूक झाली की ते तिथेच थांबून ती नेमकी कुठे आणि कशामुळे झाली ते शोधत, तेवढ्याच जागेचा वेग कमी करत आणि ती सुटेपर्यंत पुढे जात नसत. मी मुलांना हेच वेगळ्या शब्दांत सांगते, की चुकलं एवढं पुरेसं नाही, काय चुकलं ते बोलून दाखव. "डाव्या हाताचं चौथं बोट बी फ्लॅटऐवजी बी वर पडलं" असं सांगता आलं पाहिजे. "तिथे नेहमी गडबड होते" याला उत्तर म्हणत नाहीत.

एक प्रत्यक्ष उदाहरण देते. तिचे पीसेस कोणते ते मला माहीत नाही, म्हणून बहुतेक सगळ्यांनी कधी ना कधी वाजवलेला संगीतकार क्लेमेंटीचा सी मेजर सोनाटिना (छोटी रचना), ओपस 36 नंबर 1, त्याचा पहिला भाग घेऊ. अवघे 38 बार. मुख्य चाल सी-ई-सी-जी-जी अशी सुरुवातीला येते, आणि शेवटच्या भागात 24 व्या बारपासून तीच चाल एक ऑक्टेव्ह (सप्तक) खाली परत येते. पहिल्या वेळी संगीत या चालीनंतर जी मेजर या दुसऱ्या स्केलकडे वळतं, एफ शार्प (एफच्या लगेच वरची काळी की) दिसायला लागतो, दुसऱ्या वेळी मात्र ते सी मेजरमध्येच राहतं. घरी हात बरोबर जातात, पण परीक्षेत दुसऱ्या वेळी हात सुरुवातीच्याच वाटेने जी मेजरकडे निघून जातात, मग मुलगी गोंधळते, आणि थांबते. हे का होतं, तर बोटांना सुरुवात सारखीच वाटते आणि डोक्याने फाटा कुठे आहे हे कधी बघितलेलंच नसतं. पुस्तक समोर असतं हे खरं, ग्रेड परीक्षेत पाठ वाजवायची सक्ती नाही, पण घाबरलेल्या मुलीला पुस्तकातली नेमकी ओळ सापडत नाही. उपाय असा: त्या दोन जागा पेन्सिलने खुणेने जोडायच्या, दोन्ही ठिकाणचे फक्त ते चार-पाच बार एकापाठोपाठ एक वाजवायचे, आणि वाजवताना मोठ्याने म्हणायचं, इथे एफ शार्प, इथे एफ. तिच्या तिन्ही पीसमध्ये असे फाटे असणारच, म्हणजे जिथे सारखी सुरुवात होऊन पुढे वेगळं होतं त्या जागा. टीचरना विचारून ते सगळे शोधून काढा. माझ्या अनुभवात परीक्षेत पीस तुटतो तो अवघड जागेवर कमी वेळा, अशा फाट्यावर जास्त वेळा, कारण अवघड जागा मुलांनी घोटलेली असते.

यातलीच पुढची गोष्ट म्हणजे सुरुवातीच्या जागा. प्रत्येक पीसमध्ये सहा-सात ठिकाणी पेन्सिलने ए, बी, सी अशी अक्षरं लिहा, दर फ्रेझच्या किंवा दर चार-आठ बारच्या सुरुवातीला. मग चिठ्ठी काढा आणि त्या अक्षरापासून दोन्ही हातांनी, पूर्ण वेगाने, लगेच सुरू करा. लोकलमध्ये जसं दादरला चढता येतं, त्यासाठी चर्चगेटला परत जावं लागत नाही, तसं. सुरुवातीला हे मुलांना अजिबात आवडत नाही कारण मधूनच सुरू करायला डोकं लावावं लागतं, पण आठवड्याभरात सवय होते, आणि परीक्षेत गाडी घसरली तर पुढच्या अक्षरावर उडी मारता येते. ही उडीसुद्धा वेगळी शिकवायची: ती वाजवत असताना तुम्ही मधेच टाळी वाजवा, टाळी वाजली की तिने त्या क्षणी पुढच्या अक्षरावर जायचं, मागे नाही, पुढे. आमच्याकडे मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि परीक्षेच्या दृष्टीने याच्याइतका उपयोगी दुसरा खेळ मला माहीत नाही.

शेवटाकडून बसवणंही करा. शेवटचे आठ बार आधी, मग त्याच्या आधीचे आठ जोडून, असं उलटं. नेहमी पहिल्यापासून सुरू केल्यामुळे पहिलं पान सोन्यासारखं असतं आणि शेवटचं पान कच्चं, म्हणजे वाजवणारी मुलगी दर बारला कमी येणाऱ्या भागाकडे जात असते आणि भीती वाढत जाते. उलटं बसवलं की ती जास्त येणाऱ्या भागाकडे जाते.

आणि एका पीसवर अर्धा तास, मग दुसऱ्यावर अर्धा तास असं करू नका. पाच मिनिटं या पीसमधली एक जागा, पाच मिनिटं दुसऱ्यातली, मग दोन स्केल्स, मग परत पहिली जागा. असं केलं की त्या दिवशी वाजवणं जरा ओबडधोबड वाटतं, मुलं तक्रार करतात की माझं आज काहीच झालं नाही, पण दोन-तीन दिवसांनी बघितलं तर असंच बसवलेलं टिकलेलं असतं.

वेगाबद्दल एक सांगते, कारण नर्व्हस मुलांचं पहिलं नुकसान इथे होतं. ॲड्रेनलिन अंगात आलं की हृदय जोरात चालतं आणि आपल्याला नेहमीचा वेग मंद वाटायला लागतो, मग मुलगी नकळत जोरात सुरू करते आणि अवघड जागेला पोचेपर्यंत अडकते. म्हणून पीसचा वेग पहिल्या ओळीवरून ठरवायचा नाही, सगळ्यात अवघड बारवरून ठरवायचा. सुरू करण्याआधी तो अवघड बार मनात एकदा गायचा, त्या वेगात एक बार मोजायचा, मग हात ठेवायचे. हे तीन-चार सेकंदांचं काम आहे, परीक्षक थांबतात, कोणी घाई करत नाही. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) काम करायच्या वेळी वापरा, वाजवायच्या वेळी अजिबात नको.

त्याच ॲड्रेनलिनमुळे बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार पडतात. तिला हे सांगा, की हे शरीर कामाला लागलंय, आजारी नाही पडलंय. परीक्षेच्या खोलीत एसी असेल असं धरून पातळ लोकरी हातमोजे किंवा गरम पाण्याची छोटी पिशवी बरोबर न्या. श्वास मोजून घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या, चार मोजून घ्यायचा आणि सहा-सात मोजून सोडायचा, चार-पाच वेळा, खुर्चीत बसून. पण हेसुद्धा सहा आठवडे रोजच्या वाजवायच्या वेळेआधी करायचं, परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा केलं तर काही होत नाही. "शांत हो, घाबरू नकोस" असं म्हणणं सोडा. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये छापलेल्या प्रयोगांत कॅरिओके गाण्याआधी ज्यांनी "मी एक्सायटेड आहे" असं म्हटलं ते "मला धास्ती वाटतेय" म्हणणाऱ्यांपेक्षा चांगले गायले. धडधड दोन्हीत तीच असते, फक्त आपण तिला काय म्हणतो ते बदलतं, आणि मुलांना हे चटकन पटतं.

कोणी कोणी विचारतात की धडधड कमी करायची गोळी देऊ का, संगीतकार घेतात म्हणे. लहान मुलीला ग्रेड परीक्षेसाठी अजिबात नको, दम्याच्या मुलांना तर त्यातल्या काही गोळ्यांनी खरंच धोका असतो. त्या दिवशी चहा-कॉफीही नको.

स्केल्स पाठ वाजवायच्या असतात आणि परीक्षक कुठलीही विचारू शकतो, म्हणून पुस्तकातल्या क्रमाने वाजवणं चौथ्या आठवड्यापर्यंत पूर्ण बंद करा. सगळ्या स्केल्स-आर्पेजिओच्या चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यात टाका, रोज आठ-दहा काढा, चुकलेली परत डब्यात, बरोबर आलेली बाहेर. चिठ्ठी वाचल्यावर लगेच हात टाकायचा नाही: कोणती की, शार्प-फ्लॅट कोणते, पहिलं बोट कोणतं, हे तीन मनात, मग सुरुवात. स्केल चुकते ती बहुतेक वेळा पहिल्या दोन सेकंदांत, घाईमुळे. वेगापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा.

साइट रीडिंगला अर्धा मिनिट मिळतं आणि त्या अर्ध्या मिनिटात पियानोवर वाजवून बघायला परवानगी असते. आपली मुलं सभ्यपणे हात मांडीवर ठेवून नुसती वाचत बसतात! तिला सांगा की की-सिग्नेचर (सुरुवातीचे शार्प-फ्लॅट) आणि टाइम-सिग्नेचर (मात्रा) बघ, हात जागेवर ठेव, सगळ्यात भीतीदायक दिसणारा बार हळू वाजवून बघ, शेवटचा सूर बघ, बस. नंतर वाजवताना सूर सोडले तरी चालतील, लय सोडायची नाही. रोज एक नवीन छोटा तुकडा, फक्त एकदाच, खालच्या ग्रेडच्या पुस्तकातला चालेल, ग्रेड 3 चासुद्धा.

ऑरलमध्ये ग्रेड 5 ला दोनदा वाजवलेली छोटी चाल आठवून गाऊन किंवा वाजवून दाखवायची असते, आणि मुली गायला लाजतात. आवाजाला मार्क नाहीत, सुराला आहेत, हे सांगितलं की निम्मी लाज जाते. तुमची मुलगी शास्त्रीय गाणं शिकत असेल किंवा घरात पेटी असेल तर तिला हा भाग सोपा जाईल, फक्त एक सवय बदलावी लागते, इथे सा दर वेळी बदलतो. परीक्षक आधी की-कॉर्ड (त्या स्केलचे मुख्य सूर एकत्र) वाजवून देतात, त्यातला मूळ सूर म्हणजे या वेळचा सा, तो मनात धरायचा आणि मग ऐकायचं. पेटीवरून पियानोकडे आलेल्या मुलांसाठी जाता जाता, तुमचा उजवा हात तयार असतो आणि डाव्याला भात्याची सवय असते, तेव्हा काम करायच्या वेळेचा मोठा हिस्सा एकट्या डाव्या हाताला द्या. नर्व्हस झाल्यावर आधी डावाच हरवतो, कारण उजव्या हातात चाल असते, ती कानात असते, डाव्याचं काय वाजतंय ते कोणी गुणगुणत नाही. मी मुलांना डाव्या हाताची ओळ गाता येईपर्यंत सोडत नाही.

पियानोचा प्रश्न मराठी घरांत खरा आहे. बहुतेकांकडे डिजिटल पियानो किंवा 61 कीजचा कीबोर्ड असतो आणि परीक्षा ॲकूस्टिक पियानोवर असू शकते, तिथे कीज जड लागतात, हलकं वाजवलं तर सूर उमटतच नाही, पेडलही वेगळं. मुलगी पहिला सूर दाबते, आवाजच वेगळा येतो, आणि तिथेच ती घाबरते. तेव्हा या सहा आठवड्यांत तिला निदान तीन-चार वेगवेगळ्या पियानोंवर वाजवायला मिळू दे, टीचरचा, मैत्रिणीकडचा, ओळखीच्या चर्चमधला किंवा शाळेतला, वाद्यांच्या दुकानात विनंती केली तर तेही वाजवून बघू देतात. पावसाळ्यात दमट हवेने ॲकूस्टिकच्या कीज सुस्त होतात, एखादी अडकतेसुद्धा, तोही अनुभव आधी असलेला बरा. परीक्षेच्या खोलीत गेल्यावर स्टुलाची उंची स्वतः ठीक करायची आणि पियानोवर थोडंसं वाजवून बघायचं, हे चालतं. तिथे पीसची पहिली ओळ वाजवायची नाही, एक हळू स्केल वाजवायची, पेडल एकदा दाबून बघायचं. भागांचा क्रमही तिला निवडता येतो. नर्व्हस मुलीने स्केल्सने सुरू करावं असं बरेच जण म्हणतात, मी मात्र सगळ्यात पक्क्या पीसने सुरू करायला सांगते, कारण पहिल्या दोन मिनिटांत चांगलं काहीतरी ऐकू आलं की हात स्थिरावतात.

मॉक घ्या, पण एकट्या टीचरसमोर नाही. दुसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला किमान एकदा वेगळ्या माणसासमोर. शेजारच्या काकू, आजी व्हिडिओ कॉलवर, वर्गातल्या दोन मैत्रिणी. नंतर सोसायटीत गणेशोत्सवाचा किंवा कुठलाही कार्यक्रम असेल तर तिथे एक पीस. श्रोत्याने मधे बोलायचं नाही, हसून मान डोलवायची नाही, कागदावर काहीतरी लिहीत बसायचं, कारण परीक्षक तेच करतो आणि मुलांना त्या लिहिण्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. एका मुलाला वाटायचं की पेन हलला म्हणजे चूक झाली. त्याच्या मॉकमध्ये मी वाजवणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत लिहीतच बसायचे, आणि नंतर कागद दाखवायचे, त्यावर त्याच्या चांगल्या जागाच जास्त असायच्या. परीक्षकाला कमी वेळात प्रत्येक भागाचा शेरा लिहायचा असतो, तो चांगलंही लिहितो.

व्हिडिओ पाठवून द्यायच्या परफॉर्मन्स ग्रेडकडे आता वळावं का, असंही काहींच्या मनात येतं. 2020 पासून तो पर्याय आहे, त्यात चार पीसेस असतात, स्केल्स-ऑरल नाही. पण ते चारही एकाच सलग टेकमध्ये रेकॉर्ड करायचे असतात, आणि रेकॉर्डिंगसमोर दहाव्या टेकला रडलेली मुलं मी बघितलीयेत. पुढच्या ग्रेडला विचार करा, आता सहा आठवड्यांवर नको.

आठवड्यांचा हिशोब साधारण असा ठेवा. पहिले दोन आठवडे फाटे शोधणं, अक्षरं टाकणं, अवघड जागा सोडवणं, यात काम करायची वेळ जास्त. तिसरा-चौथा, रोजची वाजवायची वेळ सुरूच, जोडीला माणसांसमोर वाजवणं. पाचव्यात पूर्ण परीक्षा सलग, पीसेस, स्केल्स, साइट रीडिंग, ऑरल, आठवड्यातून दोनदा, परीक्षेच्याच वेळेला आणि परीक्षेत घालणार त्याच कपड्यांत. लांब बाह्या मनगटात अडकतात, नवीन बुटांनी पेडल कळत नाही, हे असं आधीच लक्षात येतं. सहाव्या आठवड्यात नवीन काही नाही, बोटं बदलणं नाही, सगळं अर्ध्या वेगात, पुस्तकात बघून. पाचव्या आठवड्याच्या शेवटीही एखादा पीस पहिल्या झटक्यात दोन-तीनदा तुटत असेल तर तो हळू वेगात वाजवायचं ठरवा आणि टीचरशी बोला. थोडा मंद पण सलग पीस चांगले मार्क आणतो.

तुमच्यासाठी एकच विनंती. वेटिंगमध्ये आईबाबा शेवटच्या मिनिटाला "ते पेडल लक्षात आहे ना, मागच्या वेळी विसरलीस" असं बोलतात, ते नका करू. पाण्याची बाटली, ओरिजिनल पुस्तकं, कापलेली नखं, एवढं बघा आणि तिच्याशी दुसऱ्याच कशाबद्दल बोला. बाहेर आल्यावर कसं झालं असं लगेच विचारू नका, तिला स्वतःहून सांगू दे, आणि सांगितलंच की एक पीस चुकला, तर विचारा, मग पुढे कुठल्या अक्षरापासून उचललंस?